पित्त उठलंय

खारूनं पेला नाकाशी नेला, वास घेतला आणि आईकडे पाहिलं.

"पी," आई म्हणाली. म्हणताना तिचा हात मात्र पेल्याच्या दिशेनं अर्धा पुढे गेला होता. सिस्टरनं ते पाहिलं आणि ती दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

खारूनं एका दमात पेला रिकामा केला आणि ओठावरचा गुलाबी थेंब जिभेनं टिपला.

"गोड आहे," तिनं जाहीर केलं, आणि उशीला टेकून पाय लांब केले. डावा गुडघा सरळ करताना तिचा चेहरा किंचित आखडला. त्याची आता घरात सगळ्यांना सवय झाली होती.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून ही पोरगी जमिनीवर कमी आणि कशावर तरी चढलेली जास्त असायची. खिडकीच्या गजांवर, कपाटाच्या खणांवर, पाहुण्यांच्या खांद्यांवर. आजीनं तिला खार म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. नाव राहिलं, चढणं गेलं. गेल्या वर्षापासून सकाळी उठलं की तिचे गुडघे धरायचे, कधी टम्म सुजायचे. शाळेत खेळाच्या तासाला ती बाकावर बसून मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची आणि घरी येऊन सांगायची की मी आज खूप महत्त्वाचं काम केलं.

सांध्यांच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, उपायही सांगितला. दुखणं आणि सूज दोन्ही उतरवणारं औषध रोज घ्यायचं, काही महिने. औषध साधंच होतं, घराघरात तापाला आणि अंगदुखीला देतात तेच. आणि नेमकं तेच खारूला चालत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी त्याच्या एका चमच्यानंतर तिचं अंग चट्ट्यांनी भरलं होतं आणि डोळे सुजून मिटले होते. तेव्हापासून 'तिला चालत नाही' हे वाक्य शाळेत, शेजारी, नातेवाइकांत, वाढदिवसांच्या पार्ट्यांत सगळीकडे सांगून ठेवलेलं होतं. आता इकडे आड, तिकडे विहीर. औषध द्यावं तर जिवाची भीती, न द्यावं तर पोर दुखत बसणार. शेवटी सांध्यांच्या डॉक्टरांनीच इथं पाठवलं. ॲलर्जी खरोखर आहे का ते एकदा तपासून घ्या, म्हणाले.

"सुई टोचून किंवा रक्त काढून याचं नीट कळत नाही," इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "थोडं थोडं देऊन बघायचं. डोळ्यांसमोर, सगळे उपाय हाताशी ठेवून. मधे एखाद-दुसरा पेला नुसत्या साखरेच्या पाण्याचाही असेल, रंग मात्र तोच. कोणता ते सांगणार नाही."

"म्हणजे साप आहे का बघायला बिळात हात घालायचा," खारूची आई म्हणाली होती.

"घालायचा," बाई म्हणाल्या होत्या, "पण आधी बोटाचं टोक."

तर ते बोटाचं टोक आता बिळात गेलं होतं. खोली स्वच्छ होती, भिंतीवर जिराफ आणि माकडं रंगवलेली. त्यांच्याखाली ट्रॉलीवर इंजेक्शनं भरून तयार ठेवलेली, शेजारी ऑक्सिजनचा मास्क, लहान मुलाच्या तोंडाच्या मापाचा. खारूच्या बोटाला चिमटा लावलेला होता आणि यंत्रावर तिचे ठोके दिसत होते. खारू माकडं मोजत होती. तिची आई खुर्ची पलंगाला भिडवून बसली होती आणि लेकीचं तोंड बघत होती. दुधावर नजर ठेवावी तसं. क्षणभर मान वळवली की उतू जाईल.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या. "आत गर्दी नको," असं खारूच्या आईनंच दारात सांगितलं होतं. खरं तर त्या यायच्याच नव्हत्या. पण आजी आली तरच मी पेले पिणार, असं खारूनं आदल्या दिवशी ठणकावलं, तेव्हा दोघींचाही नाइलाज झाला.

"खाजतंय का गं?" आईनं विचारलं.

खारूनं माकडं सोडून विचार केला. "नाही."

आईची नजर तिच्या गळ्यावर गेली आणि तिथंच थांबली. खारूनं ती नजर पाहिली.

"थोडंसं," ती म्हणाली, आणि बरोबर तिथंच खाजवलं. मग पुन्हा खाजवलं. मग हाताच्या कोपराशी, मग पोटावर. गोऱ्या गळ्यावर लाल रेघ उठली.

"सिस्टर," खारूची आई उठूनच उभी राहिली. "बंद करा. हे बघा, सुरू झालं. मी सांगत होते सगळ्यांना."

सिस्टरनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या. ठेंगण्या, डोक्यावर चष्मा ढकललेला, आणि घाई नावाची गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी ठेवून आल्यासारख्या. त्यांनी खारूचा गळा पाहिला, पाठ पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, छातीला नळी लावून श्वास ऐकला. यंत्राकडे पाहिलं.

"नखांच्या रेघा आहेत," त्या म्हणाल्या. "चट्टा नाही."

"पण खाज येतेय तिला."

"येतेय ना. ती खोटं बोलत नाहीये." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही मला तो दिवस पुन्हा एकदा सांगा."

तो दिवस खारूच्या आईला तोंडपाठ होता. किती डॉक्टरांना सांगून झाला होता. ती एका कंपनीच्या तक्रार-कक्षात कामाला होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि दोन वाक्यांत वर कळवायची, त्यामुळे थोडक्यात सांगण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मुलीला ताप होता. औषध दिलं. त्यानं अंगावर चट्टे उठले, डोळे सुजले. दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, उतरलं.

"चट्टे आधी की औषध आधी?"

"औषध आधी."

"तुम्ही घरी होतात?"

"मी कामावर होते. सासूबाई होत्या घरी. त्यांनीच दिलं औषध."

"मग औषध आधी, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

खारूची आई बोलायला गेली आणि थबकली. हाच प्रश्न ती रोज लोकांना विचारायची. स्वतः पाहिलंत का, की कुणी सांगितलं? निम्म्या तक्रारी तिथंच गळायच्या.

"औषधानं झालं म्हणजे औषध आधीच असणार," ती म्हणाली.

"कुठे आहेत सासूबाई?"

"बाहेर बसल्यात."

"त्यांना विचारून या. मी विचारलं तर त्या परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतील. तुम्ही विचारा. आणि घाईनं परत येऊ नका, मी आहे इथं."

आपल्याला गोड बोलून खोलीबाहेर काढलंय, हे न कळण्याइतकी खारूची आई दूधखुळी नव्हती. पण बाई पलंगावर टेकल्या होत्या आणि खारूला माकडांची नावं विचारत होत्या. ती मुकाट्यानं बाहेर आली.

सासूबाई बाकाच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. सून दिसताच त्यांनी उठायला घेतलं.

"बसा, आई. काही नाही झालेलं. खाज येतेय म्हणतेय."

"अगं बाई." त्या पुन्हा बसल्या. "मग थांबवा ना ते. गुडघ्याचं काय, शेकून काढू आपण. मी शेकत जाईन दोन्ही वेळा."

खारूची आई शेजारी बसली. मधे एका माणसाची जागा सुटली. पाच वर्षांत दोघींमधे एवढी जागा नेहमीच राहिली होती. भांडण असं कधी झालं नाही. ते झालं असतं तर एकदाचा निकाल लागला असता. त्या दिवसानंतर औषधांचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात गेला आणि कामावरून आल्यावर सून चप्पल काढता काढता विचारू लागली, "आज काय दिलंत तिला?" प्रश्न साधा होता, आवाजही साधा असायचा. पण रोज विचारलेल्या साध्या प्रश्नाला धार येतेच. सासूबाईंनी कधी उलट उत्तर केलं नाही. मात्र हळूहळू त्या खारूला काही देईनाशाच झाल्या. साधं बिस्कीट मागितलं तरी म्हणायच्या, आईला विचार. नवरा यात पडला नाही. बायको की आई, या प्रश्नावर तो नेहमी पेपर वाचायचा.

"आई, डॉक्टर विचारतायत," ती म्हणाली. "त्या दिवशी चट्टे आधी उठले की तुम्ही औषध आधी दिलंत?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं 'का दिलंत' हे न बोलता हजारदा विचारलं होतं. 'आधी काय झालं' हे पहिल्यांदाच.

"त्याला काय महत्त्व आहे आता?"

"त्यांना हवंय."

"सकाळपासून अंग तापलेलं होतं तिचं," सासूबाई सांगू लागल्या. "जेवली नाही. दुपारी झोपली आणि उठली ती पाठ खाजवतच. फ्रॉक वर करून बघते तर पोटावर, पाठीवर हे एवढालं पित्त उठलेलं. म्हणून तर तुला फोन केला."

"तो डोळे सुजल्यावर केलात."

"तो दुसरा. त्याच्या आधी नव्हता का केला? तू कामात होतीस, मागून माणसांचे आवाज येत होते. मी म्हटलं, पोरीला पित्त उठलंय, तापही आहे, ते गुलाबी औषध देऊ का? तू म्हणालीस, द्या ना, आणि वर थंड दूध द्या, म्हणजे शांत होईल."

"थंड दूध?"

"हो ना. मला जरा नवलच वाटलं. अंगावरच्या पित्ताला दूध कशाला? पण म्हटलं, शिकलेली आहे, सांगते तर असेल काही. दिलं दूध. अर्धा पेला प्यायली."

खारूची आई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर हात धुण्याची पद्धत चित्रांनी दाखवलेली होती. ती ते हात बघत राहिली.

दूध तिचंच होतं. तो तिचाच उपाय होता. कामाच्या जागचा काळा कडक चहा रिकाम्या पोटी ढोसून तिला सारखं पित्त व्हायचं, आणि मग ती फ्रिज उघडून उभ्या उभ्या थंड दूध प्यायची. सासूबाईंना ते सुचणं शक्य नव्हतं. त्यांना दूध गरमच आवडायचं.

आता मराठीत या एका पित्ताला किती घरं आहेत. ते होतं, वाढतं, पडतं, उठतं, आणि माणूस चिडला की खवळतंसुद्धा. पित्त झालं म्हटलं की पोटात, पित्त उठलं म्हटलं की अंगावर. सगळा फरक त्या मागच्या क्रियापदाचा. आणि ज्याच्या एका कानात गिऱ्हाईक ओरडत असतं, त्याच्या दुसऱ्या कानाला एवढंसं क्रियापद ऐकू येईलच असं नाही. तिनं पित्त ऐकलं, ताप ऐकला, आणि दोन वाक्यांत निकाली काढलं. मग हेडफोन पुन्हा कानावर घेतला आणि तो फोन विसरून गेली. त्यानंतरचा फोन इतका मोठा होता, की त्याच्याखाली हा पहिला गाडलाच गेला.

"मीच द्या म्हटलं होतं," ती म्हणाली.

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"आई, तुम्ही एकदाही बोलला नाहीत हे."

"काय बोलणार? औषध दिल्यावर ते वाढलंच ना. डोळे सुजले ते नंतरच. मलाही वाटलं, आपल्याच हातून झालं." त्यांनी पिशवीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "दवाखान्यात तू तिला उराशी धरून बसली होतीस. तो डॉक्टर सारखा विचारत होता, कुणी दिलं, कुणी दिलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, मी दिलं. खोटं कुठे होतं? चमचा माझ्याच हातात होता."

"पण नंतर तरी सांगायचं. मी रोज तुम्हाला..."

"सांगणार होते की. त्याच रात्री सांगणार होते. पण तू तिच्या उशाशी बसलेलीस, तिच्या नाकाशी बोट धरून. श्वास चाललाय का बघत." सासूबाईंचा आवाज खाली आला. "सासूवर राग धरून बाई जगते गं. जगभर जगतायत. स्वतःवर धरून कशी राहिली असतीस? आणि पोर तरी कुणाच्या कुशीत शिरली असती?"

खारूच्या आईला रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही. तिला लाज वाटत होती, आणि लाजेखाली कुठेतरी हलकंही वाटत होतं, त्याची आणखी लाज वाटत होती. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून पुढे केला. तो घेताना मधली सुटलेली जागा आपोआपच कमी झाली.

"आत चला, आई," ती नाक पुसून म्हणाली.

"गर्दी नको ना?"

"चला हो."

आत खारू एकदाही खाजवत नव्हती. डॉक्टरीणबाई माकडांतल्या सगळ्यात लठ्ठ माकडाला तिच्या शाळेतल्या बाईंचं नाव देण्याबद्दल तिच्याशी वाद घालत होत्या. गळ्यावरची रेघ मावळली होती.

"चट्टे आधी होते," खारूची आई म्हणाली. "औषध नंतर दिलं."

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मान हलवली.

"असं बरेचदा होतं," बाई म्हणाल्या. "मुलांच्या अंगावर चट्टे तापातल्या विषाणूनंच उठतात. त्याच दुपारी घरात कुणीतरी तापाचं औषध दिलेलं असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि कावळ्याला जन्मभर त्या झाडावर बंदी."

सासूबाईंनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"मग झालं ना? उरलेले पेले कशाला आता?"

"नाही, आजी. फांदी कावळ्यानं तुटतच नाही असंही नाही. तुमच्या सांगण्यावरून औषध बंद झालं होतं. आता सांगण्यावरूनच सुरू करायचं का? पेले पुरे करू." मग त्या खारूच्या आईकडे वळल्या. "आणि तुम्ही त्या खिडकीशी बसा. बाहेर बघा. रस्ता चांगला आहे."

"तिच्याकडे कोण बघणार?"

"मी, सिस्टर, हे यंत्र आणि आता या आजी. तुमची सुट्टी."

खारूची आई खिडकीशी बसली. खाली एक माणूस दुकानाची पाटी रंगवत होता. एक अक्षर रंगवायचा, शिडीवरून उतरायचा, लांब जाऊन बघायचा आणि पुन्हा चढायचा. मागे सिस्टर पेला भरत असल्याचा आवाज आला, मग खारूचा घोट, मग आजीचा आवाज. आजी तिला पलीकडच्या इमारतीतल्या कुठल्याशा बोक्याची गोष्ट सांगत होत्या, ज्याला सगळ्या घरांत वेगवेगळी नावं होती आणि सगळ्या घरांत तो उपाशीच असायचा. खारू हसत होती. हसताना श्वास अडतो का, हे ऐकायला तिच्या आईची पाठ नुसती कान झाली होती.

पुढचा पेला मोठा होता. त्यानंतरचा त्याहून मोठा. दर वेळी बाई यायच्या, अंग बघायच्या, छाती ऐकायच्या, जायच्या. एकदा सासूबाई मधेच गप्प झाल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "इथं कानामागे लाल दिसतंय हो."

खारूच्या आईनं खिडकीचा गज घट्ट धरला. तिनं मान वळवली नाही. आयुष्यात इतकं कठीण काम तिनं केलं नव्हतं. सिस्टरच्या चपलांचा आवाज पलंगाशी गेला.

"उशीची शिवण रुतलीय, आजी," सिस्टर म्हणाली. "बघा, दाबलं की जातंय."

"हां हां. जातंय." सासूबाईंचा श्वास खिडकीपर्यंत ऐकू आला. "तर तो बोका..."

खाली पाटी पुरी झाली, शिडी गेली. शेवटचा पेलाही झाला आणि त्यानंतरची ती लांबलचक वाट बघणंही झालं. खारूनं मधे एक झोप काढली. डॉक्टरीणबाईंनी आत येऊन तिला नखशिखांत तपासलं, बोटाचा चिमटा स्वतः काढला आणि म्हणाल्या, "चालतं हिला."

पाच वर्षांचं वाक्य एवढ्याशा दोन शब्दांत उलटलं होतं.

"नक्की?" खारूच्या आईनं विचारलं.

"पूर्ण मात्रा पोटात आहे, आणि पोरगी माझ्यासमोर जांभया देतेय. उद्यापासून सुरू करा. पुढे काही वाटलं तर या, मी आहेच. आणि सकाळचा तो पहिला पेला नुसत्या साखरेच्या पाण्याचा होता."

"मला खरंच खाजत होतं," खारू रागावून म्हणाली.

"खरंच खाजत होतं. ते आम्ही कुठे नाही म्हटलं?"

खारूच्या आईचे कान गरम झाले. सिस्टर चादरीची घडी घालण्यात एकाएकी फार गुंतून गेली.

"आता तो दिवस एकदा नीट सांगा," बाई पेन काढत म्हणाल्या. "सांध्यांच्या डॉक्टरांना सगळं कळवायला हवं. म्हणजे पुन्हा कुणी हिला नाही म्हणणार नाही."

"ताप सकाळपासून होता," खारूची आई म्हणाली. "दुपारी चट्टे उठले. तेव्हा यांनी मला फोन केला, आणि मी..."

"फोन लागलाच नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पेन थांबवलं.

"लागला नव्हता हो," सासूबाई अगदी शांतपणे पुढे म्हणाल्या. डोळे बाईंकडे, हात मात्र बाजूनं येऊन सुनेच्या मनगटावर बसला होता. "हिला आठवत नाही नीट. कामाचा फार ताप असतो हिला. मी लावला होता, पण तो लागला नाही. मग मीच माझ्या मनानं दिलं औषध."

खारू या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मनगटावरचा हात खरखरीत होता आणि दाबत होता. किती सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं. पाच वर्षं एक बाई गप्प बसली होती, आता थोडा वेळ दुसरीनं बसायचं.

"लागला होता," खारूची आई म्हणाली. ती बाईंशी बोलत नव्हती. ती लेकीकडे वळली होती. "खारू, आजीनं मला विचारलं होतं. मी नीट ऐकलं नाही आणि द्या म्हणून सांगितलं. आजीनं स्वतःच्या मनानं काही केलं नव्हतं."

"काहीतरीच," सासूबाई पुटपुटल्या, पण त्यात जोर नव्हता.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "चट्टे आधी होते ना? की तेही दोघींचं वेगळं आहे?"

"आधी," दोघी एकदमच म्हणाल्या.

बाईंनी तेवढं लिहिलं आणि त्या निघून गेल्या. सिस्टर ट्रॉली ढकलत त्यांच्यामागे गेली. खोलीत तिघीच राहिल्या. खारू अजून विचार करत होती. तिची आई तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि या वेळी ती चट्टे शोधत नव्हती.

"बरं," खारू म्हणाली. "भूक लागलीय. जाऊ या?"

"एवढंच?" तिच्या आईच्या तोंडून निघून गेलं.

"अजून काय?"

पलंग उंच होता. सकाळी तिला दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून वर बसवलं होतं, आणि आताही दोघींनी दोन्ही बाजूंनी हात पुढे केले. तेवढ्यात खारूनं पाय खाली सोडले, उडी मारली आणि चप्पल घालायला चवड्यांवर बसली. दिवसभर सगळ्यांनी तिचा गळा पाहिला होता, पाठ पाहिली होती, कानामागे पाहिलं होतं. ते पेले मुळात कशासाठी होते, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"चला ना," ती तशीच बसून म्हणाली. "आजी, हा पट्टा लागत नाहीये."

आजी खाली वाकल्या नाहीत आणि आईही वाकली नाही. दोघी पुढे केलेले हात तसेच ठेवून तिच्या दुमडलेल्या गुडघ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.